अकरावीला लेक आत्याकडं ठेवायची का होस्टेलला? दोन्ही करून बघितलेल्या बापाचं मत

दहावीचा निकाल लागला की आमच्या निलंग्याकडच्या गावांत एकच विषय असतो, पोरगी लातूरला पाठवायची तर ठेवायची कुठं. मला दोन लेकी. थोरली २०१६ ला अकरावीला गेली, दोन वर्षं आत्याकडं म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीकडं राहिली. धाकटी २०२२ ला गेली तिला होस्टेलला ठेवली. त्यामुळं आता ज्याला त्याला मला फोन करून विचारायचं असतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पैशाचं, कारण सुरुवात तिथूनच होते. होस्टेलला मेस धरून महिन्याला साडेसहा हजार जायचे, ट्युशनची फी वेगळी. बहिणीकडं दिसायला काहीच खर्च नाही, आणि खरी गोम तिथंच आहे बघा. फुकट ठेवलेल्या लेकराचा हिशोब होतोच, फक्त तो पैशात होत नाही, कामात होतो आणि तोंड दाबून राहण्यात होतो. मी वर्षाला एक क्विंटल ज्वारी आणि तुरीची डाळ टाकायचो, मला वाटायचं झालं की आपलं. पण ज्वारी वर्षातून एकदा येते आणि पोरगी रोज जेवते, ते बहिणीला नाही तरी दाजींना दिसतंच.

२०१६ म्हणजे लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा दहा वॅगन, पाच लाख लिटर, टीव्हीवर नुसतं तेच. पावसाळा लागला तरी बहिणीकडं टँकरच चालू होता आणि त्या घरात मी एक माणूस वाढवलं. पोरीला अंघोळीला अर्धी बादली मिळायची. ती शनिवारी गावाकडं यायची ते केस धुवायला यायची, हे मला तिच्या आईनं नंतर सांगितलं, मला वाटायचं घरची ओढ.

आता मी तिला काय सांगून पाठवलं होतं ते ऐका. सांगितलं, आत्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही, कामाला नाही म्हणायचं नाही, तिथली गोष्ट तिथंच ठेवायची, इकडं तिकडं करायची नाही. प्रत्येक बाप हेच सांगतो, मला माझ्या बापानं हेच सांगितलं असतं. पोरगी आज्ञाधारक, तिनं ते शब्दाला शब्द पाळलं. नोव्हेंबरात मी न कळवता पिशवीत भाजी घेऊन गेलो तर संध्याकाळी सात वाजता पोरगी भाकरी थापतेय, आतेभाऊ सोफ्यावर मोबाईल बघत बसलेला, आणि दुसऱ्या दिवशी हिचा फिजिक्सचा पेपर. झोपायची हॉलमध्ये, टीव्ही साडेअकराला बंद होणार तोवर ही जिन्यातल्या बल्बखाली पायरीवर बसून वाचायची. चार महिने. फोनवर रोज "सगळं बरंय पप्पा" म्हणायची आणि म्हणणार तरी काय, फोन आत्याचाच, आत्या शेजारीच बसलेली.

बहीण वाईट नाही हो, तिचे गुडघे गेलेत, तिला हाताखाली माणूस मिळालं तर तिनं घेतलं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं की पोरगी कशाला आलीय, किती वाजेपर्यंत तिला उठवायचं नाही. ते सांगायचं काम माझं होतं आणि मी भिडेपोटी गप्प. त्या दिवशी बसून बोललो, महिन्याला दोन हजार ठरवले (बहीण रडली, "मी काय खानावळ चालवते का" म्हणाली, पण घेतले), स्वयंपाकाला बाई लावली आणि पोरीला मागची खोली मिळाली. पुढचं दीड वर्ष चांगलं गेलं.

अजून एक गोष्ट जी लोक लिहीत नाहीत. आत्याला लग्नाच्या वयाला येणारा पोरगा असेल तर आपल्याकडं चारचौघांत थट्टा सुरू होते, "सून आत्ताच आणून ठेवली का". सोळा वर्षाच्या पोरीच्या कानावर हे रोज पडलं तर तिनं त्या घरात मान वर करून वावरायचं कसं? तिथंच्या तिथं बंद करा, हसण्यावारी नेऊ नका. आणि नातेवाईक म्हणजे सुरक्षित हे गृहीत धरू नका. पोक्सोच्या, म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेस बघा, आरोपी बहुतेक वेळा ओळखीतला नाहीतर घरातला निघतो. मला माझ्या बहिणीच्या घराची खात्री होती, तरी आज मी पहिलं वाक्य बदललं असतं. तिथली गोष्ट तिथंच ठेव, पण तुझ्याबरोबर काही झालं तर ती तिथली गोष्ट नाही, ती माझी गोष्ट आहे, रात्री दोनला फोन कर. धाकटीला हेच सांगून पाठवलं. १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर पण पाठ करून घेतला.

होस्टेलचं आता. धाकटी ट्युशन एरियात राहिली. सकाळी सहाची बॅच असली तरी पाच मिनिटं चालत, भांडी नाहीत, पाहुणे नाहीत, टीव्ही नाही. फोन जमा असायचा, संध्याकाळी अर्धा तास मिळायचा पण तो अर्धा तास तिचा स्वतःचा, गच्चीवर जाऊन मनसोक्त रडायची पण आणि सांगायची पण. अभ्यासाच्या बाबतीत होस्टेल सरळ सरस, यात मला शंका नाही. पण एका खोलीत चौघी, मेसची डाळ म्हणजे पिवळं पाणी, आणि चाचणीत मार्क कमी पडले की चौघींना एकदम कळतं, तो ताण वेगळाच. बारावीच्या दिवाळीआधी डेंग्यू झाला तर रेक्टर बाईंचा फोन मला आला दुसऱ्या दिवशी. मी पोचेपर्यंत कोण धावलं? आत्याच. आठ दिवस तिच्याच घरी, उशाशी बसून होती.

अपडाऊनचा विचार करणाऱ्यांसाठी, अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, गाव वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल तर औशाकडच्या मुली करतात तसं करा. आमच्यासारख्या लांबच्यांनी नका करू, पोरगी बसमध्येच झोपते. सरकारी वसतिगृह मिळत असेल तर सोडू नका, राहणं जेवण फुकट, पण जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला काय गर्दी असते ते माहीतच आहे. अनुसूचित जातीतल्या मुलीला तिथं नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, उत्पन्न अडीच लाखाच्या आत लागतं, पैसे मुलीच्या खात्यावर येतात.

मग ठेवायची कुठं? मला विचाराल तर पोरगी कशी आहे ते बघा. धाकटी मुलखाची भांडकुदळ, ती आत्याकडं पण निभावली असती, पहिल्याच आठवड्यात टीव्ही बंद करून आली असती. थोरलीसारखी सोसणारी असेल तर होस्टेलला टाका, आणि नाइलाजानं नातेवाईकाकडंच ठेवायची झाली तर पैसे ठरवून द्या, पोरीच्या हातात स्वतःचा साधा फोन द्या आणि महिन्यातून एकदा न सांगता जा, संध्याकाळी सातलाच जा.

परवा थोरलीला विचारलं, आता नोकरी करते ती, तुला होस्टेलला ठेवायला पाहिजे होतं ना. म्हणाली, "होस्टेलला आत्याच्या हातची आंबट चुक्याची भाजी कुठली मिळाली असती. फक्त तो फोन माझा पाहिजे होता."