58 एमएमचा बिल प्रिंटर: मशीन बेस, ड्रायव्हर मनमानी

कृषी केंद्रात बिल काढाले घेतला हा थर्मल प्रिंटर, 58 एमएम रोलवाला, यूएसबीचा. मशीनबद्दल तक्रार नाई. शाईची झंझट नाई, जूनच्या बियाण्याच्या गर्दीतही अटकला नाई, अन् मराठी अक्षरं ड्रायव्हर, म्हंजे कम्प्युटरातून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, चित्र करून पाठवते म्हणून तूर, पऱ्हाटी सारं साफ छापते. बाकी ड्रायव्हरनं डोक्स उठवलं.

कंपनीनं लहान-मोठ्या दोन्ही मॉडेलले एकच ड्रायव्हर देला अन् त्यात कागद डिफॉल्टच 80 एमएम. 58 च्या रोलवर छपाई होते 48 एमएम, म्हंजे 384 ठिपके, 80 वाल्यावर 72 एमएम, 576 ठिपके. बिल जाते 576 च्या हिशोबानं अन् उजवीकडचं सारं गायब. आमच्या बिलात उजवीकडं लॉट नंबर (बियाणं कोणत्या खेपेचं त्याचा नंबर) अन् रक्कम. रक्कम पेनानं लिहून देता येते हो, पण सोयाबीन निंघालं नाई अन् शेतकरी तालुक्याले तक्रार घेऊन गेला तर पयले बिल अन् लॉटच पाह्यतात, तिथं तो काय दाखवन?

प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये 58 केलं की जमते, पण त्याच युजरपुरतं. पोऱ्या दुसऱ्या लॉगिननं बसला की पुन्हा 80. सगळ्यांसाठी करायचं तर प्रिंटर प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, मंग प्रिंटिंग डिफॉल्ट्स. पुस्तिकेत याची एक ओळ नाई.

त्याहून डोकेदुखी म्हंजे केबल दुसऱ्या पोर्टात लावली की झालं, ह्या प्रिंटरले यूएसबीचा सिरीयल नंबर नाई त्यामुळं विंडोज त्याले नवाच समजते, 'कॉपी 1' म्हणून दुसरा उभा राह्यते अन् त्यात पुन्हा 80 एमएम, वरून कागद कापाचा कटर चालू. कटर ह्या मॉडेलले हायेच नाई बावा!

फीड बटन दाबून चालू केला की सेल्फ टेस्ट मात्र रोलात बरोबर बसते. म्हंजे मशीनले आपली रुंदी ठाऊक हाय, ड्रायव्हरनंच इचारलं नाई. इचारता येत नसन तर डिफॉल्ट 58 तरी ठेवा ना, मोठ्या रोलवर बाजूले कोरी जागा राह्यन, पण आकडा तर कटणार नाई.

मशीनले पाचपैकी चार, ड्रायव्हरले दीड. घ्या, पण सेटिंग प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्येच करा, पोर्टावर चिकटपट्टी लावून ठेवा, अन् थर्मल कागदावरचं अक्षर उडते म्हणून गिऱ्हाइकाले बिलाचा फोटो तिथंच काढाले सांगा.