घरी येऊन रक्त नेणारी लॅब: मुलाला पाच तारे, अहवालाला दोन

वेळणेश्वरला आमची घरगुती खानावळ. रक्त द्यायला सकाळी गुहागर गाठायचं, तर पाहुण्यांच्या घावण्यांचं काय? म्हणून घरी येणाऱ्या लॅबला फोन केला. भर पावसात मुलगा दुचाकीवरून बरोबर साडेसहाला हजर. माझी शीर पटकन सापडत नाही, सगळे दोन-तीनदा टोचतात. याने एकदाच. पाच तारे त्याचे.

अहवाल 'संध्याकाळी मिळेल' म्हणाले, आला दुसऱ्या दिवशी दुपारी. एकूण कोलेस्टेरॉल ३१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ११०, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) २४६. एलडीएल यांनी थेट मोजलेलं नाही, हिशेबाने काढलंय: ११० भागिले पाच म्हणजे २२, ते आणि एचडीएल एकूणातून वजा. मी ताडून पाहिलं, हिशेब चोख आहे.

डोकं फिरलं ते खालच्या छापील सल्ल्याने: 'तेलकट, तळलेले टाळा.' माझं वजन ४८ किलो! बाबाही असेच काटकुळे, ४४व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. एलडीएल १९०च्या वर दिसलं, तर घरात कुणाला लवकर हृदयविकार होता का, एवढी एक ओळ छापता येत नाही?

चिपळूणच्या डॉक्टरांनी आधी माझ्या टाचेमागची कंडरा (पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा दोर) चाचपली. कोलेस्टेरॉल साचून जाड झालेली. यकृताच्या पेशींवर एलडीएल आत ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्याचं एक जनुक आईकडून येतं, एक वडिलांकडून. माझं बाबांकडचं बिघडलेलं, त्यामुळे रिसेप्टर निम्मेच. धोपाव्याला फेरीबोट बंद असली की गाड्या कशा खोळंबतात, तसं एलडीएल रक्तातच ताटकळतं. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं म्हणे. तळण मी कमी केलंय, पण तेवढ्याने २४६ कुठे आटोक्यात येणार? स्टॅटिन हे औषध पेशीच्या आत कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं. आत टंचाई झाली की पेशी चांगल्या जनुकाकडून जास्त रिसेप्टर बनवून घेते. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५चं नोबेल मिळालं.

आता लेकीची तपासणी. ती नऊ वर्षांची, तिच्यात हे उतरण्याची शक्यता निम्मी. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीचं कोलेस्टेरॉल कशाला, ताई?" डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा पाठवली तेव्हा नोंद घेतली. रविवारी तोच मुलगा पाठवा म्हणून बजावलंय.