पंप की पावडरचा इन्हेलर?

सीओपीडीत, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजारात, रोज घ्यायचं औषध पुष्कळदा पंप आणि पावडर या दोन्हींत एकाच प्रकारचं असतं; फरक पडतो तो ते फुप्फुसात पोचवण्यात. पंप आधी नीट हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताक्षणी सावकाश, खोल श्वास आत घ्यायचा आणि जमल्यास 10 सेकंद रोखायचा. दाबणं आणि ओढणं जुळवणं, इथेच बहुतेकांचं अडतं. थरथरत्या बोटांनी क्षणभर मागेपुढे झालं की फवारा जिभेवर आणि घशातच बसतो. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की ही धांदल संपते. तो लावाच, त्यात कमीपणा कसला!

पावडरच्या इन्हेलरला ही जुळवाजुळव नको. पण तिथे श्वास जोरात, झटक्यात ओढावा लागतो. दम फार खालावलेल्याला ते झेपत नाही आणि औषध नीट सुटतच नाही. त्यात चुकूनही फुंकू नका, ओलाव्याने पावडर चिकटते.

माझं मत विचाराल तर जोर असेल तोवर पावडर सोयीची, नाहीतर पंप आणि स्पेसर. औषधात स्टेरॉइड असेल तर दोन्हींनंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी होऊ शकते. पुढच्या तपासणीला इन्हेलर सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवा.