कॉन्टेसा क्लासिक १.८ : दहा महिने, ७,२०० किलोमीटर आणि इसुझूचं इंजिन

गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी मडगावहून १९९२ सालची कॉन्टेसा क्लासिक फोंड्याला घरी आणली. आता श्रावण चालू आहे. मधल्या दहा महिन्यांत मीटरवर ७,२०० किलोमीटर वाढले. आठवड्यातून दोनदा पणजीला ऑफिस, रविवारी म्हार्दोळ-मंगेशी, दोनदा बेळगाव, एकदा कोल्हापूर. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, आणि नोव्हेंबरात लिहिलं असतं तर नुसती तक्रार. लिहिणार आहे ते मुख्यतः इंजिनाबद्दल, कारण ही गाडी मी त्याच्यासाठीच घेतली.

कॉन्टेसा १९८४ मध्ये आली तेव्हा बॉनेटखाली अ‍ॅम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं जुनं इंजिन होतं. अंग एवढं मोठं आणि ताकद पन्नास हॉर्सपॉवरच्या घरात. पुढे हिंदुस्तान मोटर्सने जपानच्या इसुझू कंपनीचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि सोबत पाच गिअरचा बॉक्स बसवला, आणि गाडीचा स्वभावच पालटला. १८१७ सीसी, ८८ हॉर्सपॉवर. बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८४ मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर धाव, ८२. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आणि ती फिरवायला साखळी. गाडीचं अंग मूळचं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचं. व्हॉक्सहॉल त्या काळी जनरल मोटर्सच्या मालकीची होती, आणि १९७१ पासून इसुझूतही जनरल मोटर्सची भागीदारी होती. म्हणजे अंग आणि इंजिन तसे दूरचे नातलगच.

जुन्या गाड्यांच्या माणसांत बसलं की आवडत्या इंजिनांची नावं ठरलेली असतात. जॅग्वारचं सहा सिलिंडरचं एक्सके तर हवंच. १९४८ साली आलं, १९९२ पर्यंत बनत राहिलं, आणि पन्नासच्या दशकात ल माँची २४ तासांची शर्यत जॅग्वारने त्याच्या जोरावर पाच वेळा मारली. मग अल्फा रोमिओचं १९५४ चं ट्विन कॅम, म्हणजे दोन कॅमशाफ्टचं. मग बीएमडब्ल्यूचं एम टेन, जे १९६२ पासून साध्या चार दारांच्या गाड्यांत होतं. १९८३ साली नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, त्याच्या ब्रॅबहॅममधलं दीड लिटरचं टर्बो इंजिन याच एम टेनच्या ब्लॉकवरून बेतलेलं होतं. दूध आणायला जाणाऱ्या गाडीचा ब्लॉक शर्यतीत तेवढा ताण सोसतो, हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या होत्या.

पण एम टेनची घडण नीट पाहा. चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वर एक कॅम, साखळी. हेच सगळं आपल्या कॉन्टेसात आहे. इसुझूच्या याच घराण्यातलं १.६ लिटरचं ट्विन कॅम इंजिन १९६९ च्या बेलेट जीटी-आरमध्ये होतं, आणि जॉर्जेट्टो जुजारोने रेखाटलेल्या ११७ कूपेतही होतं. माझं इंजिन त्यांचं साधं, घरगुती भावंड आहे. आपल्याकडे मात्र त्याची ओळख ‘जुन्या मंत्र्यांच्या गाडीतलं पेट्रोल पिणारं इंजिन’ एवढीच राहिली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता अनुभव. पहिले तीन आठवडे त्रासाचे गेले. सकाळी चोक ओढून गाडी चटकन सुरू व्हायची, पण बोरीच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच नाही, मग एकदम धक्का. पणजीच्या पुलावर गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं ऐकून सांगितलं की इंजिन संपलंय, बोअरिंग करावं लागेल, म्हणजे झिजलेले सिलिंडर कापून मोठे करावे लागतील, साठ-सत्तर हजार धरा. माझी झोप उडाली. पैशांपेक्षाही, ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच गेलं, ही बोच जास्त होती.

मग एका मित्राने कवळ्याच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे नेलं. फणसाखाली पत्र्याची शेड, बाहेर तीन जुन्या फियाट. मेस्ताने आधी काहीच उघडलं नाही. इंजिन गरम होऊ दिलं, प्लग काढले, उन्हात धरून बघितले. चारही प्लगांची टोकं पांढरटफक होती, खडूसारखी. मग सिलिंडरमधला दाब मोजायला कॉम्प्रेशनचा गेज लावला. चारही सिलिंडर १५० पीएसआयच्या आसपास, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी आकड्यात फरक फक्त ८ चा. गेज पुसून ठेवत मेस्त म्हणाला, “पात्रांव, इंजिन म्हातारें जावंक ना. उपाशी आसा.” म्हणजे, मालक, इंजिन म्हातारं झालेलं नाही, उपाशी आहे.

या दहा महिन्यांत मी जे शिकलो त्यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाक्य. पंपावर आता मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला साधारण ९ किलो पुरते. म्हणजे मिश्रणात इथेनॉल आलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. आजच्या गाड्यांत सेन्सर धूर तपासतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. जुन्या गाडीत हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. त्याच्या जेटचं भोक जुन्या पेट्रोलच्या मापाचं, ते तेवढंच सोडणार. मिश्रण पातळ होतं, पिकअप अडखळतो, इंजिन तापतं, प्लग पांढरे पडतात. जुनी इंजिनं ‘संपली’ म्हणून उघडली जातात, त्यांतली बरीच अशी उपाशीच असणार, असं माझं ठाम मत झालं आहे.

मेस्ताने कार्बोरेटर खोलून धुतला, मेन जेट एक नंबर मोठा घातला, ठिणगीचं टायमिंग जरासं पुढे घेतलं. इथेनॉलने ऑक्टेन वाढतं, त्यामुळे तेवढं पुढे घेऊनही इंजिन ठोकत नाही. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम बदलला, कारण जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. काढलेला एक पाइप त्याने माझ्या हातात दिला. चिमटीत दाबला तर बोटांना काळं लागलं आणि आतल्या बाजूचा पापुद्रा सुटून आला. आगीच्या इतक्या जवळून हे पेट्रोल वाहत होतं. जुनी गाडी असेल त्याने बाकी काही नाही केलं तरी हे पाइप आजच बदलावेत.

शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं. व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर कॅमशाफ्ट आणि रॉकर पहिल्यांदा पाहिले. तेलाने मधासारखे चमकत होते, कॅमच्या उंचवट्यांवर ओरखडा नाही. मेस्त फिलर गेजची पाती सरकवत होता आणि मला म्हणाला, तूही ओढून बघ. पाती अडते, पण अडकत नाही, एवढीच ओढ हवी. हाताला एकदा ते कळलं की विसरायला होत नाही. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा बाजूला उभा राहून बोलताना आवाज चढवावा लागत नव्हता.

त्या दिवसापासूनचं इंजिन हे मला खरं इसुझू वाटतं. डिसेंबरात चौघं बसून, डिकीत सामान भरून अनमोडमार्गे बेळगावला गेलो. मोले सोडलं की चढ लागतो. गाडीचं वजन १,२०० किलोच्या आसपास, वर आम्ही. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४५-५० चा वेग धरून वळणामागून वळण, एकदाही दुसरा टाकावा लागला नाही. ट्रक मागे टाकायचा असला की पाय थोडा जास्त दाबायचा. कार्बोरेटरचं दुसरं बॅरल उघडतं तेव्हा एअर फिल्टरमधून हवा ओढल्याचा एक खोल, घोगरा आवाज ऐकू येतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. आजच्या छोट्या टर्बो गाड्या यापेक्षा जोरात पळतात, मान्य. पण त्यांची ताकद एका टप्प्यावर एकदम येते. इथे पायाखाली जेवढं दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळतं. घाटात मला हे जास्त भरवशाचं वाटतं. एसी मात्र चढावर बंद ठेवतो.

पावसाने एकदा अडवलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फर्मागुडीच्या चढावर इंजिन दोन सिलिंडरवर आलं, मग बंद. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमट हवेचं पाणी धरलं होतं. कोरड्या फडक्याने पुसून पंधरा मिनिटांत निघालो, पण कॅपवर केसासारखी बारीक चीर होती, ती सापडायला आठवडा गेला. कॅप आणि प्लगच्या वायरी बदलल्यावर जुलैतल्या मुसळधार पावसातही अडखळली नाही. आणखी एक, इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी, आणि दहा दिवसांच्या वर उभी ठेवूच नये.

अ‍ॅव्हरेज पणजीच्या फेऱ्यांना ८ ते ९, लांबच्या रस्त्याला ११. तेल हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत लागतं. स्टिअरिंग जड आहे, पार्किंगला खांदे दुखतात. दारांच्या खालच्या कडांना गंज आहे आणि समुद्राजवळच्या गाडीला तो जास्तच असणार. घेताना बॉनेटआधी कार्पेट उचला. सुट्या भागांचं म्हणाल तर दुकानात ‘कॉन्टेसा’ म्हटलं की मान हलते, ‘अ‍ॅम्बॅसेडर १.८’ म्हटलं की बरंच काही निघतं, कारण नव्वदच्या दशकात अ‍ॅम्बॅसेडरमध्येही हेच इंजिन आलं. व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांनाच मिळते, त्यामुळे कॉन्टेसाला दर पाच वर्षांनी साधीच पुनर्नोंदणी.

एक विनंती आहे. कॉन्टेसा घेऊन त्यात दुसरं डिझेल इंजिन टाकणारे पुष्कळ भेटतात. अ‍ॅव्हरेजचा हिशेब मला समजतो. पण काढलेलं इसुझू भंगारात किलोवर जातं, आणि हे इंजिन आता नव्याने कुठे बनत नाही. टाकायचंच असेल तर मूळ इंजिन तेल घालून, प्लगची भोकं बंद करून घरात ठेवा. त्याआधी एकदा कॉम्प्रेशन तपासा आणि प्लगांचा रंग बघा. पांढरे असतील तर जेट बदलून महिनाभर चालवा, मग ठरवा.

माझ्या गाडीचा काटा गर्दीत अजून मधल्या रेघेच्या जरा वर जातो. मेस्ताच्या मते रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळाने धरल्यात. चवथीची गडबड संपली की तो सोडवून नवा कोअर घालायचा ठरलं आहे, मग डिसेंबरात पुन्हा बेळगाव, या वेळी चोर्लातून.