पुएर्तो व्हिएहोत भाड्याची सायकल आणि माझे १८० डॉलर

लाज सोडून लिहितोय, कारण मी काही पहिल्यांदा एकटा फिरत नव्हतो. श्रीलंका, व्हिएतनाम एकट्याने करून झालंय, पैसे दोन ठिकाणी ठेवणं, रात्री एटीएमला न जाणं, सगळं पाठ आहे. तरी फसलो, आणि तेही सायकलवरून. अमेरिकेत राहणारी आपली बरीच पोरं कोस्टा रिकाला जातात (मी गेलो तेव्हा अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा पासपोर्टावर असला की वेगळा व्हिसा लागत नव्हता), त्यातली जी कॅरिबियन बाजूला जाणार असतील त्यांनी हे वाचून जा.

मी ऑक्टोबरात गेलो. तेव्हा पॅसिफिकच्या बाजूला धो धो पाऊस असतो आणि ही बाजू त्यातल्या त्यात कोरडी, भाडी पण कमी. सान होसेहून बस, लिमोन आणि काउइता करत साडेचार-पाच तास लागतात, वाटेत केळीच्या बागाच बागा, प्रत्येक घडावर निळी प्लास्टिकची पिशवी चढवलेली. पुएर्तो व्हिएहोत उतरलो आणि खरं सांगू का, गुहागरलाच उतरल्यासारखं वाटलं. मी तिकडचाच. तोच खारा दमट वास, माड, रस्त्याच्या मधोमध झोपलेली कुत्री, कुणालाच कसली घाई नाही. जेवायला भात आणि राजम्यासारख्या घेवड्याच्या बिया नारळाच्या दुधात शिजवलेल्या, ते लोक स्पॅनिश बोलता बोलता त्याला इंग्लिशमध्येच राइस अँड बीन्स म्हणतात, कारण इथल्या बऱ्याच लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा जमैकाहून रेल्वेच्या आणि केळीच्या कामाला आलेले. पहिल्याच घासाला मी मनातून सामान उघडून बसलो. आता कळतं की तिथेच माझी अर्धी सावधगिरी गेली.

तिथे फिरायला सायकल लागतेच. रस्ता एकच, समुद्राला धरून मान्सानियोपर्यंत साधारण १३ किलोमीटर, सपाट, वर झाडांचं छप्पर, मध्ये कोक्लेस, प्लाया चिकिता, पुंता उवा असे एकेक बीच. दुकानं बरीच आहेत, मला तरी सगळीकडे दिवसाला १० डॉलरच्या आसपास सांगत होते. बस थांबते तिथून पुढे एक माणूस चार-पाच सायकली भिंतीला टेकवून बसलेला, म्हणाला ५. तीन दिवसांचे १५. बजेटवाल्या माणसाला ५ ऐकू आलं की बाकीचं ऐकू येत नाही.

डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला. मी म्हटलं झेरॉक्स देतो, तर हसला आणि म्हणाला, रिलॅक्स माय फ्रेंड, पुरा विदा. पावती मागितली, परत तेच, पुरा विदा. हे दोन शब्द तिथे नमस्कारालाही चालतात, आभारालाही, काही हरकत नाही म्हणायलाही. आणि गंमत बघा, सगळं गाव इतकं निवांत की त्यात पावती मागणारा आपणच कद्रू आणि टेन्शनवाले वाटायला लागतो. मला खरंच ओशाळल्यासारखं झालं आणि मी पासपोर्ट देऊन टाकला. ज्याच्यावर अमेरिकेचा व्हिसा आहे तो! तो नसेल तर मी परत विमानातच बसू शकत नाही, आणि त्याने तेच पान उघडून नीट पाहिलं होतं हे मला नंतर आठवलं.

सायकल म्हणजे उलटं पायडल मारलं की ब्रेक लागणारी जुनी क्रूझर, हिरवी, खाऱ्या हवेने गंजलेली, सीट फाटलेली. आदल्या रात्री सर येऊन गेलेली त्यामुळे सीटचा स्पंज पाणी धरून, बसलं की पँट ओली. बॅगेत चिपळूणच्या एका कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी होती, आईने त्यात लाडू बांधून दिलेले, ती सीटवर ओढून खाली गाठ मारली. ही पिशवी लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोरून जाताना त्याने विचारलं आज कुठे, मी म्हटलं बघतो, तर तोच म्हणाला कोक्लेसला जा, आज लाटा मस्त आहेत. गेलो. जंगली बदामाच्या झाडाला त्यानेच दिलेल्या साखळीने सायकल बांधली, कुलूप दोनदा ओढून बघितलं, आणि पाऊणएक तास पाण्यात. परत आलो तर सायकल नाही. साखळी पण नाही. किल्ली मात्र माझ्या खिशात.

इथेच माझं डोकं चालायला हवं होतं. चोर साखळी कापतो आणि कापलेली साखळी तिथेच टाकून पळतो. अख्खी साखळी कुलपासकट कोण घेऊन जाईल? ज्याच्याकडे दुसरी किल्ली आहे तोच. पण तेव्हा उन्हात दोन किलोमीटर चालत येताना डोक्यात फक्त पासपोर्ट पासपोर्ट चाललेलं.

तो चिडला वगैरे नाही. उलट पाणी दिलं प्यायला. फार वाईट झालं म्हणाला, सायकल मालकाची, मालक कडक आहे, ३५० डॉलर मागेल, पासपोर्ट त्याच्याच घरी आहे. मग फोनवर कुणाशी तरी बोलला, खरं बोलला की नुसता कानाला लावला देव जाणे, आणि माझ्यासाठी म्हणून २२० वर आणलं. मी त्याला थँक यू म्हणालो. हो, थँक यू! एटीएममधून १ लाख १० हजार कोलोन काढले, म्हणजे आपले साडेअठरा हजारांच्या घरात, त्याच्या हातात ठेवले आणि पाच मिनिटांत पासपोर्ट आला. मालकाच्या घरून. पाच मिनिटांत.

दोन दिवसांनी पुंता उवाच्या रस्त्याला एक जर्मन मुलगी समोरून आली, हिरवी सायकल, सीटवर पिवळी पिशवी, आणि पिशवीवर मराठीत चिपळूण. मी अक्षरशः रस्त्यात आडवा झालो. ती बिचारी घाबरली, मग सगळं सांगितलं, पिशवीवरची अक्षरं वाचून दाखवली. तिनेही पासपोर्टच दिलेला. आम्ही ठरवलं की आधी तिने एकटीनेच जायचं, सायकल परत करायची, पासपोर्ट हातात घ्यायचा, आणि मगच मी समोर यायचं. तसंच केलं.

मला बघून त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. म्हणाला, अरे कालच सापडली, तुझा नंबरच नव्हता माझ्याकडे. नंबर त्याच्या व्हॉट्सॲपवर होता, सायकलचा रेट त्यानेच मला मेसेज केलेला. मी मेसेज दाखवला, आवाज चढवला, दोन-चार लोक बघायला लागले, तेव्हा खिशातून ४० डॉलर काढले, म्हणे बाकीचे शोधून आणणाऱ्याला दिले. मी घेतले. नको घ्यायला होते असं मित्र म्हणतात, त्यांचं काय जातंय.

टुरिस्ट पोलीस भेटले, चांगले बोलले, लिहूनही घेतलं, पण म्हणाले रीतसर तक्रार ओआयजेकडे जाऊन द्यावी लागेल, ती त्यांची तपास यंत्रणा. माझी बस दुसऱ्या दिवशी सकाळची, विमान त्याच रात्री. नाही दिली. तुम्ही दिवस राखून ठेवा आणि द्या, नाहीतर ती सायकल अशीच फिरत राहणार.

होस्टेलवाल्या बाईंना रात्री सांगितलं. साठीच्या असतील, सगळे त्यांना मिस म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, हिरवी का? मी हो म्हटल्यावर मान हलवून भांडी घासायला लागल्या. मला आधी का नाही सांगितलंत म्हटलं, तर म्हणाल्या, तू कुठे विचारलंस, सायकल घेऊनच आलास. मग म्हणाल्या पासपोर्ट कुणालाच द्यायचा नाही, चांगली दुकानं झेरॉक्सवर नाहीतर थोड्या रोख डिपॉझिटवर देतात आणि कागद करतात, रस्त्यात कुणी विचारलंच तरी एन्ट्रीच्या शिक्क्याच्या पानासकट झेरॉक्स जवळ ठेवलेली पुरते. राहताय तिथल्या माणसाला आधी विचारा, सायकल कुठून घेऊ म्हणून. सायकलचा फोटो, नंबर असेल तर त्याचा फोटो. आणि कुलूप आपलं स्वतःचं न्या, सान होसेत बसमध्ये चढायच्या आधी कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, फेर्रेतेरिया म्हणून पाटी असते, दोन्ही किल्ल्या आपल्याच खिशात ठेवायच्या.