तिघांसाठी एकच व्हिसा: एका सल्लागार सेवेचा अनुभव

चाकण येथील आमच्या यंत्रनिर्मिती कंपनीची एक उपकंपनी जर्मनीत स्टुटगार्टजवळ आहे. तेथील नव्या जुळणी विभागासाठी २०२५ मध्ये आम्हाला इथली तीन माणसे दीड वर्षासाठी पाठवायची होती आणि मनुष्यबळ विभागाच्या वतीने ते काम माझ्याकडे आले. बैठकांसाठी माणसे आठवडाभर पाठवणे वेगळे आणि प्रत्यक्ष कामावर पाठवणे वेगळे, एवढे ठाऊक असल्यामुळे आम्ही पुण्यातील एका व्हिसा सल्लागार संस्थेची सेवा घेतली. तिचे नाव येथे देत नाही.

पहिल्याच बैठकीत संस्थेने तिघांसाठीही ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय संघाचा काम आणि वास्तव्याचा परवाना, सुचवले आणि दरपत्रकही लगेच पुढे केले. ब्लू कार्ड वाईट नाही. ते मिळालेल्या माणसाला जर्मनीत २७ महिन्यांनी, आणि जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी गाठली असेल तर २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मात्र ब्लू कार्डासाठी तेथील कंपनीशी थेट नोकरीचा करार लागतो, मान्यताप्राप्त पदवी लागते आणि वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असावा लागतो. २०२५ साठी ती मर्यादा ४८,३०० युरो, तर अभियंत्यांसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांसाठी ४३,७५९.८० युरो होती. आमच्या तिघांपैकी एक जण डिप्लोमा करून चौदा वर्षे जुळणीवर काम करत असलेला माणूस आहे. त्याच्याकडे पदवीच नाही, हे आम्ही दिलेल्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर लिहिलेले असूनही त्याच्या नावापुढे ब्लू कार्डच लिहिले गेले होते.

शेवटी आम्हीच विचारले की बदलीच्या माणसांसाठी वेगळा परवाना नाही का. तो आहे, आणि त्याला आयसीटी कार्ड म्हणतात. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार जर्मनीने तो २०१७ पासून लागू केला. यात नोकरीचा करार भारतातील कंपनीकडेच राहतो. माणूस व्यवस्थापक किंवा कंपनीच्या कामाचे विशेष ज्ञान असलेला असावा लागतो आणि पाठवण्यापूर्वी त्याने किमान सहा महिने सलग त्याच समूहात काम केलेले असावे लागते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. पदनियुक्तीच्या पत्रात कामाचे ठिकाण, स्वरूप आणि पगार यांच्याबरोबर काम संपल्यावर माणूस मूळ कंपनीत परत येऊ शकेल, हेही दाखवावे लागते. पगार तेथील तशाच कामगाराच्या तुलनेत कमी असून चालत नाही, त्यामुळे हा स्वस्तातला मार्ग आहे असे कोणी समजू नये. पण डिप्लोमावाल्या माणसासाठी हाच रस्ता मोकळा होता.

दुसरा मुद्दा पीएफचा. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. नोकरीचा करार इथेच ठेवून पाठवलेल्या माणसासाठी भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून कव्हरेज सर्टिफिकेट, म्हणजे त्याची वर्गणी भारतात चालू असल्याचा दाखला, काढले, तर ४८ महिन्यांपर्यंत जर्मन पेन्शनची वर्गणी भरावी लागत नाही. ब्लू कार्डासाठी तेथील कंपनीशी करार केला की ही सवलत उरत नाही. कंपनीच्या खर्चावर एवढा परिणाम करणारी गोष्ट संस्थेच्या दरपत्रकात, सादरीकरणात, कुठेच नव्हती. आमच्या लेखा विभागाने ती काढली. व्हिसा कोणता हा प्रश्न नोकरीचा करार कोठे राहणार या प्रश्नानंतर यायला हवा होता, आणि तो क्रम संस्थेने उलटा केला.

पुढचे काम मात्र चोख झाले, हे मान्य करायला हवे. कागदांची यादी नेमकी होती, जर्मन भाषांतरे नीट होती, आणि दोन पत्रांमध्ये हुद्दा वेगळा पडला होता ती चूक अर्ज जाण्यापूर्वीच संस्थेत काम करणाऱ्या एका मुलीने पकडली. (ही मुलगी पहिल्या बैठकीला असती तर बरे झाले असते.) आमचा एक अभियंता त्या वेळी बिझनेस व्हिसावर स्टुटगार्टलाच होता आणि तिथूनच अर्ज करावा असा त्याचा आग्रह होता, आयसीटी कार्डाचा अर्ज युरोपीय संघाबाहेरूनच करावा लागतो हे तिने त्याला फोनवर समजावून परत बोलावले, म्हणून एक फेटाळणी टळली.

अखेर दोघांना आयसीटी कार्ड मिळाले. तिसऱ्याला कंपनीने तिथेच कायम ठेवायचे ठरवले, म्हणून त्याचे ब्लू कार्ड झाले. शुल्क तिघांचे सारखेच आकारले गेले. अर्ज भरण्यासाठी ही संस्था मी पुन्हा घेईन. मार्ग निवडण्यासाठी नाही. पुढच्या वेळी त्या दोन कामांचे दर वेगवेगळे लिहून मागणार आहे.