अंतराळवीराचा ड्रेस, भाड्यानं

नातवाला शाळेत शुभांशु शुक्ला व्हायचं होतं, म्हणून महाद्वार रोडजवळच्या एका दुकानातून ड्रेस आणला. भाडं 250, अनामत 500. कापड जाड, आत अस्तर नाही. पोरगं दहा मिनिटांत घामानं चिंब. हेल्मेटची काच खाली ओढली की वर जाईना, शेवटी खोबरेल तेल लावलं.

पण खटकलं ते छातीवरचं. वैमानिकाचे पंख, म्हणजे त्याचा पंखांचा बिल्ला, चक्क उलटे शिवलेले! मी हवाई दलात मिग-21च्या देखभालीला होतो, डोळा तिथंच गेला. शुक्ला आधी लढाऊ वैमानिक, मग चाचणी वैमानिक. मिग-21, सुखोई, जग्वार धरून सुमारे 2000 तास उड्डाण आणि मग 25 जून 2025ला अंतराळात. 1984 साली जाऊन आलेले राकेश शर्मा तर पुढं एचएएलचे, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचे, मुख्य चाचणी वैमानिक झाले. विमान कुठं दगा देतंय, ते स्वतः वर जाऊन बघणारी ही माणसं. त्यांचे पंख उलटे? सूनबाईनं टाके उसवून सरळ केले.

ड्रेस परत देताना दुकानदार खजील झाला, अनामत पूर्ण दिली. म्हणाला, "आजोबा, दुसऱ्या ड्रेसचेपण बघता का जरा?" काच मात्र अजून अडकतेच.